आल्याची घंटा

आमच्याकडे दोन बंब होते. एक न्हाणीघरात, तांब्याचा, पोटात विस्तव धरून पाणी तापवणारा. दुसरा भिंतीपलीकडे, फायर स्टेशनच्या पटांगणात, लालभडक, पोटात पाणी धरून विस्तव विझवणारा. हा दुसरा आमचे हे चालवायचे. मी लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं, "हे बघ, बंब आला की बंब पेटवायचा. त्याच्या आधी नाही." मी चौथी शिकलेली, पण हे वाक्य काही चौथीच्या पुस्तकात नव्हतं. मी मान हलवली आणि भीतीनं कुठल्याच बंबाला हात लावला नाही. संध्याकाळी हे काजळी माखून आले आणि गार पाण्यानं अंघोळ करून शिंकत बसले.

अर्थ साधा होता. जवान आगीवरून परतले की नुसते डोळे तेवढे पांढरे दिसत. त्यांना आधी कढत पाणी लागे, मग जेवण, मग बायको. पण आग काही वेळ सांगून विझत नाही. आधीच बंब पेटवून बसलं तर लाकडं फुकट जळायची, आणि उशिरा पेटवला तर घरात दुसरी आग लागायची. म्हणून सगळ्या बायका भिंतीपाशी पालथ्या बादलीवर चढून पलीकडे डोकावत. दिवसातून किती वेळा ते विचारू नका. गाडी लागलेली दिसली तरी आपला माणूस उतरला की नाही ते दिसायचं नाही.

ही बादलीची कटकट संपवली घंटाबाईनं. तिच्याबद्दलच मला सांगायचं आहे.

ती आमच्यात आली तेव्हा ऐन तिशीतली होती. पत्र्याची एक ट्रंक, अंगावर साधे कपडे आणि तोंडात मोजकं बोलणं. नवरा सैन्यात होता. सरहद्दीवर गेला तो तिथेच राहिला. सरकारनं तिला स्टेशनात टेलिफोनवर बसवलं. गेटावरच्या माडीत एक खोली होती, तिथे टेलिफोन आणि छतातून लोंबणारी घंटेची दोरी. फोन आला की पत्ता लिहून घ्यायचा, दोरी ओढायची, खाली जवान धावत सुटायचे. आवाज कापता कामा नये, एवढीच नोकरीची अट. तिचा आवाज कापायचा नाही. कापायचं होतं ते सगळं आधीच कापून झालं होतं, असं ती म्हणायची.

स्टेशनच्या गेटाशी एक काळा दगड उभा आहे. वरच्या बाजूला गावातल्या शहीद सैनिकांची नावं, खाली आगीत गेलेल्यांची. दोन दगडांना जागा कोण देणार, म्हणून एकातच भागवलेलं. तशीही भाषेनं दोघांना एकच नाव दिलं आहे. सीमेवरचाही जवान आणि बंबावरचाही जवान. म्हातारं व्हायची सोय दोघांनाही नाही म्हणून असेल. घंटाबाई रोज सकाळी कामावर चढायच्या आधी ओल्या फडक्यानं तो दगड पुसायची. मी एकदा विचारलं, "सगळा कशाला पुसतेस गं? तुझं माणूस तर वर आहे."

"वरच्या बिऱ्हाडानं जिना झाडला, वहिनी, तर खालच्यांचाही झाडायला नको का?" ती म्हणाली.

अशी होती.

तिचं दुःख तिनं मला एकदाच सांगितलं. आम्ही दारात बसून मटार सोलत होतो. "तो गेला आणि मला कळलं, या दोन्हींच्या मधे पुष्कळ दिवस गेले," ती म्हणाली. "तेवढे दिवस मी काय करत होते सांगू? स्वेटर विणत होते. त्याचा. एक बाही राहिली होती. माणूस जमिनीखाली, आणि मी इथे त्याच्या हाताची लांबी आठवतेय. शेजारणीला विचारतेय, रंग उठून दिसेल ना? त्या दिवसांनी मला पार मूर्ख बनवलं, वहिनी. दुःखाचं मी सोसलं. पण त्या खोट्या दिवसांचा राग जात नाही."

आणि म्हणूनच, भिंतीपाशी बादलीवर चढलेल्या बायका माडीच्या खिडकीतून तिच्या नजरेला पडल्या तेव्हा ती थेट साहेबांकडे गेली. तेव्हाचे साहेब मिशा पिळणारे होते.

"साहेब, जाताना घंटा वाजते. येताना का वाजत नाही?"

"येताना कसली घाई, बाई?"

"घाई नसते, पण वाट असते."

साहेबांनी मिशी सोडली आणि परवानगी दिली. तेव्हापासून दोन घंटा झाल्या. निघायची घंटा घायकुतीला आलेली, टोल्यावर टोला. आल्याची घंटा एकच टोला, जाडसर, लांबवर रेंगाळणारा. पण त्या एका टोल्यासाठी घंटाबाईचा नियम कडक. गाडी लागली म्हणून वाजवायची नाही. खिडकीत उभं राहून एकेक कोट उतरताना मोजायचा. जेवढे गेले तेवढे उतरले, की मगच दोरी. एखादा दवाखान्यात पट्टी बांधायला गेला असेल तर आधी खाली निरोप, "अमक्याचा हात भाजलाय, बरा आहे," आणि मग घंटा. त्यामुळे त्या टोल्यावर आमचा डोळे मिटून भरवसा. टोला पडला की आमचा जीव भांड्यात पडायचा आणि ते भांडं लगेच बंबाच्या तोटीखाली लागायचं. सगळ्या न्हाणीघरांच्या धुरांड्यांतून एकदम धूर. नवी सून आली की हमखास विचारायची, "आल्याची घंटा म्हणजे काय हो? चहात टाकायचं आलं?" आणि आम्ही जुन्या बायका म्हणायचो, "हो, त्याचंच. ते पडल्याशिवाय आमच्या चहाला चव नाही."

माझ्या शेजारच्या खोलीत शिडी आणि त्याची आई राहायचे. शिडी म्हणजे स्टेशनातला सगळ्यात उंच जवान. नावाप्रमाणे नुसता वर वाढलेला, दारातून वाकून येणारा, तरी दर आठवड्याला कपाळ चौकटीवर आपटून घेणारा. गाडीवरची खरी शिडी चढवायचं कामही त्याच्याकडेच. लग्नाचं बघत होते. मुली यायच्या, मान वर करून बघायच्या आणि मान दुखली म्हणून परत जायच्या, असं तो स्वतःच सांगायचा.

त्याला पाणी भलतंच कढत लागायचं. त्याची आई तांब्या घेऊन न्हाणीघराच्या दाराशी उभी, "अरे विसण घेतोस का? कातडं सोलून निघेल." विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. हा आतून ओरडायचा, "आगीतून आलोय मी, आई. पाण्याला काय घाबरायचंय?" रोज तेच बोलणं, भिंतीतून मला पाठ झालेलं. घंटाबाईची आणि शिडीच्या आईची गट्टी होती. आई तिच्यापेक्षा बरीच मोठी, त्यामुळे घंटाबाई तिला मावशी म्हणायची. सुट्टीच्या दुपारी तिच्याकडेच जेवायची. मावशीची भाजी तिखट, घंटाबाईचं बोलणं तिखट, आणि शिडी मधे बसून दोघींना पाणी पाजायचा.

त्या दिवशी दुपारी कागदाच्या गोदामाला आग लागली. घायकुतीची घंटा झाली, गाडी गेली. कागदाची आग वाईट. वरून विझल्यासारखी वाटते आणि गठ्ठ्यांच्या पोटात धुमसत राहते. दुसऱ्या ठाण्याचीही गाडी आली. आमच्या हवाली पुढची बाजू, त्यांच्याकडे मागची.

पुढे काय झालं ते सगळं नंतर कळलं. शिडीनं गोदामाच्या रखवालदाराला धुरातून ओढून बाहेर काढलं. म्हातारा पाण्यानं भिजून थडथड उडत होता. शिडीनं आपला कोट काढून त्याला घातला, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "गाडीत जाऊन बसा बाबा." म्हातारा धूर पिऊन बधिर झालेला, तो बडबडला, आत एक हमाल राहिलाय. शिडी परत आत गेला. हमाल केव्हाच घरी जाऊन झोपला होता. मागचं छप्पर बसलं ते त्या गडबडीत आमच्या लोकांना दिसलंही नाही. ती बाजू दुसऱ्यांची. आग आटोक्यात आली, मागे धुमसतंय ते बघायला दुसरी गाडी थांबली, आणि आमची निघाली. मागच्या बाकावर शिडीच्या जागेवर शिडीचा कोट बसलेला होता, मान खाली घालून खोकत. धुरानं सगळेच खोकत होते, सगळेच काळे. आमच्या ह्यांनी आरशात बघितलं. "मला कोट दिसला," एवढंच हे आयुष्यभर सांगत राहिले.

दिवेलागणीला गाडी पटांगणात आली. घंटाबाई खिडकीत. एकेक कोट उतरला, तिनं मोजला. शेवटचा हळूहळू उतरला. बेरीज जुळली. तिनं दोरी ओढली.

मी माझा बंब पेटवला. शेजारी मावशीनंही पेटवला, ढलप्या मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिचं नेहमीचं चालू झालं. टॉवेल काढला, सदरा काढला, स्वतःशी पुटपुट. शिडी गाडी धुवून, शिडी नीट चढवून मगच घरी यायचा, त्यामुळे उशीर झाला याचं तिला काही वाटलं नाही. ती लटक्या रागानं भिंतीकडे तोंड करून म्हणालीसुद्धा, "ऐकलंस का गं ड्रायव्हरीणबाई? आज गाडीला लग्नाची उटणी लावतोय वाटतं." मला ड्रायव्हरीणबाई म्हणायची. मी म्हटलं, "लावू द्या की. तेवढाच सराव." दोघी हसलो.

पलीकडे पटांगणात तेव्हा कोणीतरी नेहमीची थट्टा केली, "ए शिडी, शिडी चढव की." कोटातल्या माणसानं तोंड वर केलं. पांढऱ्या मिशा.

आमचे हे घरी आले ते माझ्या दाराशी नाही, मावशीच्या दाराशी उभे राहिले. गाडी परत सुटली होती, दुसऱ्याच्या हातात, आणि या वेळी घंटा न वाजवता. मी बाहेर आले तर गल्लीच्या टोकाला घंटाबाई उभी होती. खाली उतरून धावत आलेली. ती मावशीच्या धुरांड्याकडे बघत होती. त्यातून छान निळा धूर निघत होता, लाकूड चांगलं पेटल्यावर निघतो तसा. ती तिथूनच मागे फिरली. मावशीच्या दारापर्यंत आलीच नाही.

पाणी उकळत राहिलं. कोणी विस्तव ओढला नाही, कोणी तोटी सोडली नाही. सकाळी मी हात लावून बघितला, बंब गार होता.

रखवालदार पुढे कोट परत द्यायला आला, धुऊन, इस्त्री करून. मावशी म्हणाली, "त्यानं घातलाय ना तुम्हाला? मग मी कशी काढून घेऊ? असू द्या." सरकारी कोट होता. मिशीवाल्या साहेबांनी तो आगीत जळाला असं लिहून टाकलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

शिडीचं नाव दगडावर कोरलं गेलं, खालच्या बिऱ्हाडात. त्या दिवसापासून घंटाबाईनं दगड पुसणं सोडलं. गेटातून आत येताना मान दुसरीकडे. मावशीच्या घरी जेवणं संपली. समोरून मावशी आली तर ही उगाच चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकायची, मावशी पुढे जाईपर्यंत.

आल्याची घंटा मात्र तिनं बंद केली नाही. फक्त खिडकीतून मोजणं बंद केलं. गाडी लागली की ती खाली उतरायची, प्रत्येक जवानापुढे उभी राहायची, टोपी मागे सारून तोंड बघायची, गालावर हात लावायची. मग जिना चढून दोरी ओढायची. नवे जवान थट्टा करायचे, "काय बाई, पसंत पडलो का?" ती म्हणायची, "नाक जरा बसकं आहे, पण चालेल." सगळे हसायचे. ती हसायची नाही.

मी तिला पुष्कळदा म्हटलं, "अगं, तुझी मोजणी चुकली नव्हती. कोट जेवढे गेले तेवढेच आले होते."

"हो ना," ती म्हणायची. "मी कोट मोजले. माणूस मोजला नाही. आणि त्या बाईला मी पाणी तापवायला लावलं, वहिनी. माझ्या बाहीसारखं. माझं तरी कोणी मुद्दाम केलं नव्हतं. हिचं मी माझ्या हातानं केलं."

मावशीही तिला हाक मारत नसे. लोकांना वाटायचं तिच्या मनात अढी आहे. घंटाबाईलाही तेच वाटायचं. मावशी मला एकदाच म्हणाली, "ती येत का नाही गं? मी एवढी भाजी करते." मी म्हटलं, "तुम्हीच बोलवा." म्हणाली, "बोलावलं तर हुकूम होईल. तिनं आपणहून यायला हवं." दोन शहाण्या बायका, मधे एक गल्ली, आणि वर्षं अशी निघून गेली. माझे केस पांढरे झाले. ह्यांनी गाडी सोडली. मावशीचे गुडघे गेले, पाठ वाकली, ऐकू कमी येऊ लागलं.

दर वर्षी त्या दगडापाशी स्मरणाचा कार्यक्रम होतो. सकाळी सगळे रांगेत उभे राहतात, नावं वाचतात, फुलं वाहतात, दोन मिनिटं शांत. मावशी पायरीवर बसायची, मी तिच्याशेजारी. रखवालदार जिवंत होता तोवर तो कोट घालून रांगेच्या शेवटी उभा राहायचा. घंटाबाई माडीवरच. "फोन कोण घेणार?" हे तिचं कारण, आणि ते कोणाला खोडता येत नव्हतं.

मग बातमी आली की जुनं स्टेशन पाडायचं, मागच्या खोल्याही पाडायच्या. नव्या इमारतीत विजेचा भोंगा असणार. घंटा जाणार. घंटाबाईची नोकरीही त्याच सुमारास संपत होती. आम्हाला दुसरीकडे जागा मिळणार होती, आणि मावशीला तिची लग्न होऊन गेलेली लेक आपल्या गावी न्यायला येणार होती.

त्या वर्षीच्या स्मरणाच्या आदल्या दिवशी मावशीनं माझा हात धरला. "ड्रायव्हरीणबाई, तिला सांग. जायच्या आधी मला एकदा आल्याची घंटा ऐकायची आहे. कामाची वाजते ती नव्हे. माझ्यासाठी."

मी निरोप घेऊन माडीवर गेले. तिथे नवे साहेबही घंटेचंच सांगायला आलेले. तरुण, भला माणूस. म्हणत होते, "बाई, उद्या प्रत्येक नावाला एक टोला द्या. घंटेचं शेवटचं वर्ष आहे. छान वाटेल."

"घंटेला दोन कामं येतात, साहेब," घंटाबाई म्हणाली. "जा आणि आले. तिसरं मी तिला या वयात शिकवणार नाही."

साहेब गेल्यावर मी मावशीचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. बराच वेळ टेलिफोनवरची धूळ पुसत राहिली. धूळ नव्हतीच.

"मावशींना सांगा, वहिनी, एक खोटी घंटा मी त्यांना दिली आहे. दुसरी देणार नाही. कोणी आल्याशिवाय मला वाजवता येत नाही."

मी तसंच्या तसं येऊन सांगितलं. मावशीनं कानामागे हात धरून ऐकलं. "असं म्हणाली?" एवढंच बोलली आणि झोपायची तयारी करू लागली.

सकाळी कार्यक्रम सुरू झाला. नावं वाचून झाली. साहेब आता शांत उभं राहायला सांगणार, एवढ्यात मावशी पायरीवरून उठली. मला म्हणाली, "चल, वर."

"वर कुठे?"

"माडीवर. हात दे."

तो जिना उभा, लोखंडी. तिचे गुडघे तसले. एक पायरी, मग श्वास, मग दुसरी. खाली सगळी रांग माना वर करून बघतेय. साहेबांनी हातानंच सगळ्यांना शांत उभं राहायची खूण केली. मधे मावशी थांबून म्हणाली, "माझ्या पोरानं निम्मी उंची मला दिली असती तर दोन ढांगांत झालं असतं."

वर पोचलो तेव्हा घंटाबाई खुर्चीतून उठून भिंतीला पाठ लावून उभी होती. इतक्या वर्षांत दोघी एका खोलीत पहिल्यांदाच. वाकायला चपलेचा पट्टाही नव्हता, अनवाणी होती.

मावशी खुर्चीत बसली, श्वास घेतला. "मी खोटी घंटा मागितली असं तुला वाटलं होय?"

घंटाबाई आपल्या अनवाणी पायांकडे बघत राहिली.

"त्या संध्याकाळी तू टोला दिलास आणि मी बंब पेटवला," मावशी म्हणाली. "त्याचा सदरा काढला. बटण सैल होतं, ते शिवत बसले. त्याच्यावर रागावले, गाडी इतकी काय धुतोस म्हणून. हिच्याशी थट्टा केली. विचार हिला. तेवढा वेळ माझा पोरगा घरी यायला निघाला होता. सगळ्या जगासाठी तो गेला होता, एकटीच्या माझ्यासाठी तो पटांगणात गाडी धूत होता. तू घंटा दिली नसतीस तर तेवढं आयुष्य त्याचं कमी झालं असतं. ते मला कोणी दिलं? तूच ना? आणि तूच तोंड फिरवून बसलीस. मी बोलू कोणाशी याबद्दल? दुसऱ्या कोणाला कळलं असतं?"

घंटाबाईनं भिंत सोडली नाही. तिचा न कापणारा आवाज कापला. "मी बाही विणत होते, मावशी."

"ठाऊक आहे. हिनं सांगितलं मला." मी खाली बघितलं. "पुरी झाली का?"

"झाली."

"लांबी बरोबर?"

घंटाबाईनं मान हलवली. "बरोबर झाली असती."

"मग तेवढे दिवस तोही होता की गं."

खाली पटांगणात सगळे तसेच उभे. दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती, पण पुढचं सांगायला साहेबही विसरले होते. मावशीनं दोरीकडे बोट केलं.

"आता वाजव."

"मावशी, कोण आलंय? मी कोणाला मोजून वाजवू?"

"मला मोज," मावशी म्हणाली. "मी आलेय ना एवढा जिना चढून. तू यायला तयार नव्हतीस, म्हणून मीच आले. खोटं आहे का यात काही?"

घंटाबाई पुढे आली. मावशीपुढे उभी राहिली, जवानांपुढे राहायची तशी. तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, तोंड नीट बघितलं. गालावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. मग दोरीकडे गेली.

एकच टोला. खाली उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या जवानानं नकळत टोपी काढून काखेत मारली, काम संपल्यावर मारतात तशी. भिंतीमागच्या खोल्यांतल्या बायका कार्यक्रमालाच आलेल्या होत्या, त्यांची पावलं आपोआप घराकडे वळली आणि मग त्या ओशाळून थांबल्या. मावशीला कमी ऐकू यायचं, पण ती त्या आवाजाच्या शेवटापर्यंत डोळे मिटून बसली. आवाज कधी संपला ते आम्हा दोघींपेक्षा तिलाच उशिरा कळलं.

जिना उतरताना एका बाजूनं मी होते, दुसऱ्या बाजूनं घंटाबाई. दगडापाशी आल्यावर घंटाबाई थांबली. फडकं नव्हतं. तिनं हाताच्या तळव्यानंच दगड पुसला, वरचं बिऱ्हाड, मग खालचं. शिडीच्या नावाच्या खाचांत माती बसली होती ती नखानं काढली.

घरी आल्यावर मावशीनं बंब पेटवला. सामान बांधून झालेलं, खोली रिकामी, फक्त तो बंब शेवटी न्यायचा म्हणून राहिलेला. ढलप्या मोडून घंटाबाईनं दिल्या. पाणी तापेपर्यंत तिघी उंबऱ्याशी बसलो. धुरांड्यातून धूर निघाला तेव्हा घंटाबाईनं मान वर करून तो शेवटपर्यंत बघितला.

पाणी उकळल्याचा आवाज आला. मावशीनं तोटी सोडून बादली भरली, वर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "जा, हातपाय धू. दगडाची माती लागलीय तुला."

घंटाबाई आत गेली. दार लोटून घेतलं. मावशी तांब्याभर गार पाणी घेऊन दाराशी उभी राहिली, कान लावून.

"विसण देऊ का गं?"

आतून पाण्याचा आवाज आला, आणि मग घंटाबाई म्हणाली, "द्या, मावशी. फार कढत आहे."

मावशीनं दार थोडं उघडून तांब्या आत दिला. हात रिकामा झाल्यावर ती तिथेच चौकटीला टेकून उभी राहिली. चौकटीवर वरच्या बाजूला, शिडीचं कपाळ लागायचं तिथे, लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. मावशीचा हात तिथवर पोचत नव्हता.